जुन्या जीपचा गिअरबॉक्स बदलायचाय? आधी गाडी मोजा, मगच भंगार बाजारात जा

वडूज : कांद्याची पोती भरून वर्धनगडचा घाट उतरताना माझ्या जुन्या जीपचा दुसरा गिअर दोनदा आपोआप निसटला. निसटला म्हणजे गाडी न्यूट्रल झाली, इंजिनाचा अटकाव संपला आणि सगळा भार ब्रेकवर आला. तिसऱ्यांदा मी एका हाताने दांडा दाबून धरला आणि एका हाताने स्टेअरिंग धरलं. खाली पोचल्यावर ड्रमला हात लावायची सोय नव्हती, इतके ते तापले होते. त्या दिवशी ठरवलं, आता गिअरबॉक्सचं काहीतरी करायचंच.

पण काय करायचं, यात मी पहिल्यांदा चुकलो. कुणीतरी सांगितलं म्हणून पाच गिअरचा बॉक्स घेऊन आलो. तो इंजिनाला बसेना, मागं शाफ्टला पुरेना. घेणाऱ्याने परत घेतला नाही. खटाव-माण भागात आजही बऱ्याच घरांपुढं जुनी जीप उभी आहे. चारा, खत, ठिबकच्या नळ्या, दुधाचे कॅन, डोंगरकडेच्या रानातली वाट ही कामं ती करते. गिअरबॉक्स गेला की प्रत्येकाला तोच प्रश्न पडतो : दुरुस्त करू, तसलाच दुसरा टाकू, का पाच गिअरचा बसवू? म्हणून हा लेख. जे मी पैसे घालवून शिकलो आणि मिस्त्र्यांकडे बसून समजून घेतलं, ते क्रमाने सांगतो.

दोष गिअरबॉक्सचाच आहे का?

गिअर वाजला, की बॉक्स गेला असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं नसतं. बॉक्स खाली उतरवण्याआधी या पाच गोष्टी बघा.

एक, गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून इंजिन चालू करा. आवाज येतोय आणि क्लच दाबल्यावर बंद होतोय, तर बॉक्सच्या आतलं बेअरिंग संशयित. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच बेअरिंग गेलंय. त्यासाठी गिअरबॉक्स विकत घ्यायची गरज नाही.

दोन, क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही ‘कर्रर्र’ होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, क्लचची केबल किंवा सिलिंडर बघा.

तीन, टॉप गिअरला गाडी गप्प आणि बाकी गिअरला घरघर, असं असेल तर खालच्या शाफ्टचं (मिस्त्री त्याला लेशाफ्ट म्हणतात) बेअरिंग किंवा दाते झिजलेत. जुन्या तीन आणि चार गिअरच्या बॉक्समध्ये टॉपला ताकद सरळ जाते, लेशाफ्टवर ओझं नसतं. म्हणून हा फरक कळतो.

चार, गिअर निसटत असेल तर आधी इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग बघा. रबर बसलं की उतारावर अख्खा बॉक्स हलतो आणि दांडा मागं येतो. माउंटिंग चांगलं असेल, तर आतली गोळी-स्प्रिंग, फोर्क किंवा गिअरचे अडकणारे दाते झिजलेले असतात.

पाच, ऑइल स्वच्छ पत्र्याच्या डब्यात काढा आणि उन्हात धरून बघा. बारीक करडा गाळ प्रत्येक जुन्या बॉक्समध्ये निघतो. पितळेसारखी चमक दिसली, तर सिंक्रो रिंग झिजल्यात. बोटाला लागतील असे लोखंडाचे तुकडे निघाले, तर दाता तुटलाय. ऑइल ताकासारखं पांढरट झालंय, तर आत पाणी शिरलंय. येरळेच्या पात्रातून किंवा भरल्या ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांना हे पांढरं ऑइल नवीन नाही. पाणी तसंच राहिलं, तर बेअरिंग गंजून जातं.

हे बघून झाल्यावरही दोष बॉक्समध्येच आहे असं दिसलं, तर पुढं वाचा.

आपल्या जीपमध्ये कोणता बॉक्स आहे?

महिंद्राने भारतात जीप जुळवायला १९४७ साली सुरुवात केली, ती अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या गाड्यांवरून. त्या विलिस पद्धतीच्या सीजे-३बी जीपला टी-९० नावाचा तीन गिअरचा बॉक्स होता. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, जबरदस्तीने टाकला तर दाते खातो. ही त्याची बनावटच आहे. नवशिक्याला वाटतं, बॉक्स बिघडला.

पुढं १९८० च्या दशकात डिझेल इंजिनाची एमएम-५४० आली आणि चार गिअरचे बॉक्स वाढले. गॅरेजवर त्याला ‘केएमटी’ म्हणतात. प्यूजो बनावटीच्या इंजिनाबरोबर येणारा ‘बीए-१०’ हे दुसरं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यानंतरचा पाच गिअरचा ‘एनजीटी-५२०’. २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई मॉडेलमध्ये हाच होता. भंगार बाजारात ‘पाच गिअरचा आहे, कुठल्याही जीपला बसतो’ असं सांगितलं जातं ते बहुतेक याच जातीच्या बॉक्सबद्दल.

पण नावावर जाऊ नका. आपल्याकडच्या जीपा पंचवीस-तीस वर्षांत चार हात फिरलेल्या असतात. कुणी इंजिन बदललेलं असतं, कुणी मागचा अ‍ॅक्सल. मिलिटरी डिस्पोजलमधून आलेल्या गाडीत तर काय काय जोडलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. बॉक्सच्या अंगावर ओतीव आकडे-अक्षरं असतात. तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा, मोबाईलवर फोटो काढा. हाच फोटो बाजारात तुमचा खरा पत्ता.

बॉक्सच्या पुढं-मागं काय जोडलंय?

माझी चूक इथंच झाली. मी बॉक्स घ्यायला गेलो होतो, पण बॉक्स एकटा नसतो. पुढं त्याचं नातं इंजिनाशी, मागं ट्रान्सफर केसशी, आणि त्याच्याही मागं अ‍ॅक्सलशी. यातला एक जरी जुळला नाही, तर बाकीचं बदलत बसावं लागतं. खर्च वाढतो तो तिथं.

पुढच्या बाजूला चार मापं बघा. बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेच्या आकाराचं ओतीव कव्हर, त्याचे बोल्ट इंजिनाच्या भोकांना जुळतात का. इनपुट शाफ्टवरच्या उभ्या खाचा तुमच्या क्लच प्लेटमध्ये बसतात का. खाचा मोजा आणि जाडी मापा. शाफ्टची लांबी सारखी आहे का. आणि शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या छोट्या बेअरिंगमध्ये नीट बसतं का. शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात. टोक सैल बसलं तर नवा बॉक्ससुद्धा थोड्याच दिवसांत आवाज करायला लागतो.

मागच्या बाजूला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढची आणि मागची चाकं वाटून देणारा डबा. विलिस पद्धतीच्या जीपमध्ये तो थेट गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने जोडलेला असतो. म्हणून बॉक्स दोन इंच जरी लांब आला, तरी ट्रान्सफर केस दोन इंच मागं सरकते. मग मागचा शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, पुढचा लांब करावा लागतो. जीप आधीच आखूड. मागचा शाफ्ट आणखी आखूड झाला की त्याचा तिरकेपणा वाढतो आणि जॉइंट सारखे तुटतात. खालची आडवी पट्टीही सरकवावी लागते, दांड्यासाठी पत्रा कापावा लागतो. मागचं डिफरन्शियल मधोमध आहे का एका बाजूला, हेही बघा. जुन्या विलिस पद्धतीत शाफ्ट एका बाजूने जातो, नव्यात मधून. दोन्हींचे डबे अदलाबदल होत नाहीत.

मारुती जिप्सीवाल्यांना इथं थोडी सूट आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असते आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळं १९८५ साली आलेल्या चार गिअरच्या जिप्सीला नंतरच्या जिप्सी किंगचा पाच गिअरचा बॉक्स टाकताना शाफ्टचा मेळ घालणं जीपपेक्षा सोपं जातं. मापं मात्र तिथंही घ्यावीच लागतात.

खडू, टेप आणि थोडी आकडेमोड

आता कामाची गोष्ट. यासाठी फक्त खडू, टेप आणि जॅक लागतो.

अ‍ॅक्सलचा आकडा असा काढा. सपाट जागेवर गाडी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून मोठे दगड लावा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी सोडून खाली जाऊ नका. गाडी न्यूट्रलमध्ये, टू-व्हील ड्राइव्हमध्ये ठेवा आणि हॅण्डब्रेक सोडा. आता उचललेलं चाक हाताने बरोबर २० वेळा फिरवा आणि दुसऱ्याला शाफ्टवरच्या खडूच्या खुणेवरून फेऱ्या मोजायला सांगा. आलेल्या फेऱ्यांना १० ने भागा. एकच चाक फिरत असल्यामुळं २० फेऱ्यांच्या निम्म्या, म्हणजे १० धरायच्या. शाफ्टच्या साधारण ५४ फेऱ्या झाल्या, तर तुमचा आकडा ५.३८, हा सीजे-३बी जीपचा आकडा.

एक सावधगिरी. विलिस पद्धतीच्या जुन्या जीपला हॅण्डब्रेक चाकाला नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला शाफ्टवर असतो. म्हणजे शाफ्ट सोडला किंवा बॉक्स उतरवला, की हॅण्डब्रेक ओढून काही उपयोग नाही. एक चाक उचललेलं असलं तरी तसंच. चाकाला दगड हाच तुमचा ब्रेक.

चाकाचा घेर काढण्यासाठी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाक एक फेरा फिरवा, अंतर टेपने मोजा. समजा ते २.२ मीटर आलं.

आता वेगाचं गणित. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय, टॉप गिअर सरळ आहे आणि अ‍ॅक्सल ५.३८ आहे. ३००० ला ५.३८ ने भागलं की चाकाचे फेरे मिळतात, साधारण ५५८. त्याला २.२ ने आणि ६० ने गुणलं की तासाला सुमारे ७४ किलोमीटर. म्हणून जुनी जीप ७० च्या पुढं ओरडायला लागते. समजा पाचव्या गिअरचा आकडा ०.८५ आहे. मग तेवढ्याच फेऱ्यांत गाडी सुमारे ८७ ला जाते. किंवा ७४ चाच वेग ठेवला तर इंजिन ३००० ऐवजी २५५० फेऱ्यांवर चालतं. आवाज कमी, डिझेलची थोडी बचत. पाच गिअरचा खरा फायदा एवढाच, आणि तो सपाट डांबरी रस्त्यावर.

आता रानातलं गणित. टी-९० चा पहिला गिअर २.८, जुन्या ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाक एक फेरा फिरतं. इंजिन १००० फेऱ्यांवर असताना गाडी तासाला साडेतीन किलोमीटर चालते, म्हणजे बैलजोडीच्या चालीने. दुसऱ्या बॉक्सचा पहिला गिअर ३.५ चा असेल, तर हाच गुणाकार ४६ होतो. गाडी आणखी सावकाश चालते आणि ओढ त्याच प्रमाणात वाढते. दगडी चढण असलेल्या रानात हा फरक पाचव्या गिअरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

म्हणजे गिअर किती आहेत यापेक्षा पहिल्या गिअरचा आकडा काय आहे, हे आधी विचारा. जास्त गिअर म्हणजे जास्त ओढ, हा मोठा गैरसमज आहे. आणि ओढ फार वाढवली, तर तो ताण पुढं शाफ्ट, जॉइंट आणि अ‍ॅक्सलवर जातो. जुना अ‍ॅक्सल तुटण्याचं ते एक कारण आहे.

अ‍ॅक्सल मोजताना पुढचा आणि मागचा आकडा एकच आहे ना, तेही तपासा. कुणी फक्त मागचा बदललेला असेल, तर फोर-व्हील लावल्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. अशा गाडीला कितीही चांगला गिअरबॉक्स टाका, टिकणार नाही.

चार वाटा, आणि कुणी कोणती घ्यावी

पहिली वाट, आपलाच बॉक्स दुरुस्त करणं. बाहेरचं ओतीव धड असेल, बेअरिंगची जागा घासलेली नसेल आणि एक-दोन गिअर, सिंक्रो रिंग, बेअरिंग, सील एवढंच बदलायचं असेल, तर हीच वाट चांगली. पुढं-मागं सगळं जुळलेलं असतं, काहीही कापावं लागत नाही. आज वडूज, पुसेगाव, दहिवडी, विटा कुठंही जुन्या जीपचा जाणकार मिस्त्री शोधला तर सापडतो. बॉक्स उघडताना स्वतः समोर उभे राहा. काढलेला प्रत्येक खराब भाग परत मागून घ्या. नव्याचं बिल ठेवा.

दुसरी वाट, त्याच जातीचा दुसरा बॉक्स. ओतीव फुटलेलं असेल किंवा आतलं सगळंच गेलं असेल तर हे करा. मंगळवार पेठेतला पुण्याचा जुना बाजार असो, नाहीतर आपल्या भागातले भंगारवाले. बॉक्स तपासल्याशिवाय उचलू नका. कसा तपासायचा ते खाली दिलंय.

तिसरी वाट, दोन बॉक्सचा मिळून एक करणं. एकाचं ओतीव चांगलं, दुसऱ्याचे गिअर चांगले. हे चालतं, पण दोन्ही एकाच जातीचे असले तरच. आणि एकमेकांवर फिरणारे दोन गिअर जोडीनेच घ्या. एक नवा, एक झिजलेला अशी जोडी आवाज करते आणि लवकर जाते.

चौथी वाट, पाच गिअरचा बॉक्स. ज्यांची जीप रोज सातारा, कराड, पुणे अशी लांब पळते, ज्यांचं इंजिन जोमात आहे, त्यांनी विचार करावा. पण पुरा हिशेब मांडून. बॉक्सची किंमत, बेल हाउसिंग किंवा अ‍ॅडॉप्टर प्लेट, क्लच प्लेट, दोन्ही शाफ्टचं लेथवरचं काम आणि बॅलन्सिंग, आडवी पट्टी, दांडा, माउंटिंग, स्पीडोमीटरची केबल, ऑइल, मजुरी आणि गाडी उभी राहील तेवढ्या दिवसांचं भाडं. ही यादी कागदावर लिहून दोन-तीन ठिकाणी दर विचारा. बऱ्याचदा बॉक्सपेक्षा त्याच्याभोवतीचं काम महाग पडतं.

आणखी एक. गाडी ८७ ने पळायला लागली, पण ब्रेक तेच जुने ड्रमचे. स्प्रिंगाच्या पाट्या त्याच. ब्रेक सुधारल्याशिवाय वेग वाढवणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. कमजोर इंजिनाला तर पाचवा गिअर ओढवतच नाही. भरल्या गाडीने चढाला पुन्हा चौथा टाकावाच लागतो.

भंगारातला बॉक्स असा तपासा

बॉक्स लाकडावर ठेवायला सांगा. दांडा नसेल तर स्क्रू-ड्रायव्हरने फोर्क सरकवून प्रत्येक गिअर टाका आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवा. अडखळतोय का, एकाच जागी ‘टक’ होतंय का, बघा. एका जागी टक म्हणजे दाता फुटलाय.

पहिला गिअर टाकून मागच्या शाफ्टच्या १० फेऱ्या होईपर्यंत पुढच्या शाफ्टचे फेरे मोजा. २८ झाले तर आकडा २.८, ३५ झाले तर ३.५. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यापेक्षा हा खरा.

पुढचा आणि मागचा शाफ्ट वर-खाली हलवून बघा. थोडी हालचाल चालते, बोटाला खटखट जाणवली तर बेअरिंग गेलंय. इनपुट शाफ्टच्या खाचा टोकदार झाल्यात का बघा. माउंटिंगचे कान आणि बेल हाउसिंगच्या कडा यांवर तडा किंवा वेल्डिंग आहे का, बोट फिरवून पाहा. वेल्डिंग केलेलं ओतीव ओढकामात पुन्हा तडकतं. ऑइलचा नट काढायला सांगा. आत ऑइलच नसेल, तर बॉक्स कितीतरी दिवस कोरडा पडलेला आहे, गंज धरलेला असणार.

बॉक्सबरोबर बेल हाउसिंग, क्लचचा फोर्क, वरचं झाकण, दांडा आणि स्पीडोमीटरचा गिअर मागून घ्या. या बारीक वस्तू नंतर शोधताना नाकी नऊ येतात.

कागदपत्रं विसरू नका

गिअरबॉक्सचा नंबर आरसी बुकावर नसतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. म्हणून त्याच जातीचा बॉक्स बदलल्याने आरसीत काही फरक पडत नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. भंगारवाला म्हणतो, ‘नुसता बॉक्स कशाला, इंजिनासकट सेटच घ्या, सगळं जुळून येईल.’ मेकॅनिकच्या दृष्टीने ते सोपं आहे, पण इंजिन बदललं की नंबर बदलला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते. मूळ रचनेत बदल करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आहे. परवानगीशिवाय इंजिन बदललेल्या गाडीचा अपघात झाला, तर विम्याच्या वेळी पहिला प्रश्न त्याच नंबरचा येतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गिअरबॉक्सवर पैसे घालण्याआधी आरसीची मुदत बघा. मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाची फी आणि तपासणीला लागणारी बाकीची कामं धरून एकत्र हिशेब करा. गिअरबॉक्स नवा आणि गाडी रस्त्यावर आणता येत नाही, असं नको.

आणि बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर का होईना, विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि शक्य असेल तर ज्या गाडीतून बॉक्स निघाला तिचा नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचे भाग बाजारात फिरतात. चोरीचा माल ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. फार स्वस्त मिळत असेल तर आधी शंका घ्या.

बसवल्यानंतर

नवीन बॉक्समध्ये कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलंच ऑइल घाला. बऱ्याच ठिकाणी गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलला एकाच डब्यातलं ऑइल ओततात. अ‍ॅक्सलसाठी असलेलं जीएल-५ ऑइल काही बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही. त्या बॉक्सना जीएल-४ लागतं. डब्यावर हा आकडा छापलेला असतो, वाचून घ्या.

पहिले काही दिवस ओझं कमी भरा. थोडं चालवून झाल्यावर ऑइल काढून पुन्हा बघा आणि सगळे बोल्ट एकदा आवळा. मग रिकाम्या गाडीने एखादा छोटा उतार दुसऱ्या गिअरवर, दांड्यावरचा हात काढून उतरून बघा. गिअर जागेवर राहिला, तरच गाडी ओझ्याला लावा.

मी शेवटी काय केलं, ते सांगून थांबतो. पाच गिअरचा तो बॉक्स शेडमध्ये पडून आहे. माझ्या जीपला तिचाच जुना चार गिअरचा बॉक्स बेअरिंग, दुसरा गिअर, सिंक्रो रिंग आणि नवे माउंटिंग टाकून बसवला. टॉपला ती अजूनही सत्तरलाच ओरडते. पण वर्धनगडचा घाट उतरताना दुसरा गिअर टाकला की तो खाली पोचेपर्यंत जागचा हलत नाही, आणि माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात.